पेंडीचा साठा कुणाच्या घरात?



आज सकाळी आंबोण कालवताना डोक्यात आलं, आपण मोंढ्यात सोयाबीन विकतो आणि तिथूनच पेंडीचं पोतं खांद्यावर घेऊन घरी येतो. विकताना पेंड स्वस्त, घेताना महाग. हे असं कधीपासून झालं, त्याची ही नोंद. थोडी लांब आहे, पण सोयाबीन घरात ठेवायचं की विकायचं हे ठरवणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आजोबांच्या काळी आमच्याकडे करडई, जवस आणि थोडा भुईमूग असायचा. गावातल्या घाण्यावर माल द्यायचा, तेल आणि पेंड दोन्ही घरी आणायचं. घाण्यात सगळं तेल निघत नाही, त्यामुळे पेंड तेलकट राहायची आणि म्हशीला चांगली मानवायची. कोपऱ्यात रचलेल्या ढेपा हाच पेंडीचा साठा. तो किती आहे हे बघायला आजीला कुणाचा अहवाल लागत नव्हता.

पण तेव्हाही सगळं घरात राहत होतं असं नाही. इंग्रजांच्या काळात जवस, भुईमूग जहाजाने युरोपात जायचा, तोही न गाळता, अख्खा. म्हणजे तेलही गेलं आणि पेंडही. व्होल्कर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९३ च्या अहवालात लिहून ठेवलंय की तेलबिया बाहेर पाठवणं म्हणजे जमिनीचा कस बाहेर पाठवणं. १९२८ च्या शाही कृषी आयोगापुढेही हा प्रश्न आला. निर्यातीवर कर लावायची मागणी आयोगाने मानली नाही. देशातच गाळप वाढलं तर पेंड इथे राहील, असं त्यांचं म्हणणं.

गाळप वाढलं, पण स्वातंत्र्यानंतर. सॉल्व्हंट प्लँट आले. त्यात रसायनाने तेल काढतात, पेंडीत जेमतेम एक टक्का राहतं. त्या कारखानदारांची संघटना १९६३ मध्ये मुंबईत उभी राहिली. १९६४ मध्ये गुजरातेत कंजरीला खेडा दूध संघाचा पशुखाद्य कारखाना सुरू झाला. पेंड गावातून कारखान्यात गेली आणि गोणीत भरून परत गावात आली. बरीचशी परदेशी गेली, कारण देशाला परकीय चलन हवं होतं. भुईमुगाच्या पेंडीला मात्र बुरशीने धक्का दिला. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी मेले. ब्राझीलहून आलेल्या भुईमूग पेंडीत बुरशीचं विष निघालं, तेच अफ्लाटॉक्सिन. त्यानंतर युरोप पेंड तपासून घ्यायला लागला आणि आपल्या भुईमूग पेंडीलाही त्याची झळ बसली.

मग सोयाबीन आलं. साठच्या दशकात जबलपूर, पंतनगरला प्रयोग झाले, सत्तरपासून मध्य प्रदेशात पसरलं आणि नव्वदच्या दशकात आमच्या मराठवाड्यात. आता हिशोब बघा. १०० किलो सोयाबीन गाळलं की तेल साधारण १८ किलो आणि पेंड ८० किलोच्या आसपास. म्हणजे नावाला तेलबिया, खरं पीक पेंडीचं. बाजारात तिला डीओसी म्हणतात. २०१० च्या आसपास चांगल्या वर्षात देशातून ४० लाख टनांच्या घरात सोयापेंड बाहेर जायची. २०१४ आणि २०१५ ला पाऊस रुसला, ब्राझील-अर्जेंटिनाची पेंड स्वस्त पडली आणि २०१५-१६ ला निर्यात पाच लाख टनांच्याही खाली आली. तिकडे देशातल्या कोंबड्या वाढतच होत्या.

यातली एक गोष्ट कळायला मला फार वर्षं लागली. पेंड फार दिवस ठेवता येत नाही. पावसाळ्यात ओल धरते, तापते, बुरशी येते. म्हणून देश पेंड साठवतो ती बियांच्या रूपात. कारखाना गरजेप्रमाणे गाळतो. म्हणजे ज्याच्या घरात सोयाबीन, त्याच्या घरात देशाची पेंड.

२०२१ ला हे अंगावर आलं. निर्यात जोरात झाली होती, जगात भाव चढे होते, मागचा शिल्लक माल कमी. ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला १० हजारांच्या आसपास गेलं. माझं सगळं डिसेंबरमध्येच चार हजारांच्या आसपास विकून झालेलं! घरात बियाण्यापुरतंही नव्हतं, आणि गोठ्यात दोन म्हशींना महागडी पेंड घालत होतो.

त्याच ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली, न्हावा शेवा बंदरातून. मी चिडलो. पण खरं सांगतो, पेंड स्वस्त होईल म्हणून मनात कुठंतरी बरंही वाटलं. एकाच माणसाच्या पोटात सोयाबीनवाला आणि दूधवाला भांडत होते. नवीन सोयाबीन येईपर्यंत भाव पाच-सहा हजारांवर उतरला, वरून सप्टेंबरच्या शेवटी पावसाने काढणीला आलेलं रान बुडवलं. डिसेंबरमध्ये वायदे बंद झाले आणि सोयापेंडीवर साठा मर्यादा आली. कारखान्याला ९० दिवसांचं उत्पादन, व्यापाऱ्याला १६० टन.

शेतकऱ्याच्या घरातल्या कट्ट्यांना मात्र मर्यादा नव्हती. त्या हंगामात गावोगाव लोकांनी माल धरून ठेवला, आणि २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला भाव सात हजारांच्या वर गेले. आम्हाला वाटलं, गुपित सापडलं. पुढच्या वर्षी परत धरलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. भाव खालीच. २०२४ ला हमीभाव ४८९२ आणि बाजारात चार हजारांच्या आसपास. सरकारी खरेदीत ओलाव्याची अट १२ वरून १५ टक्के केली, तोवर कित्येकांनी विकून टाकलेलं.

का झालं असं? आम्ही फक्त आपली खोली बघत होतो. जगात सोयाबीन भरपूर होतं, पेंडीला बाहेर गिऱ्हाईक कमी होतं, आणि देशात मका-तांदळाचं इथेनॉल वाढल्यामुळे त्याचा चोथा, डीडीजीएस, स्वस्तात कोंबडीच्या खाद्यात शिरला होता. पेंडीची जागाच भरलेली, मग आपले कट्टे कशाला महाग होतील?

म्हणून आता माल धरण्याआधी मी तीन गोष्टी विचारतो. पेंड बाहेर जातेय का? कोंबडीवाले पेंड घेतायत की डीडीजीएस? आणि मागच्या वर्षीचा माल किती शिल्लक आहे? तिन्ही उत्तरं बाजूने असली तर धरतो, नाहीतर गरजेपुरतं विकून मोकळा होतो. गेल्या वर्षीचा भाव आठवून कट्टा धरणं आता बंद.

आणखी एक. यंदा रब्बीत अर्धा एकर करडई टाकलीय, तालुक्याला लाकडी घाणा सुरू झालाय तिथे गाळणार. त्याने भाव बदलणार नाही, माहिती आहे. पण दोन म्हशींची थोडी तरी पेंड आपल्या कोपऱ्यात राहील.

तुमच्याकडे पूर्वी पेंड कुठली असायची, घाण्याची का दुकानातली? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा.