ऑक्सफर्डमधील पंक्तिभेद

परदेशी शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्याचे चरित्र लिहिताना लेखक बहुधा त्याच्या पदव्यांची आणि पारितोषिकांची नोंद करतात. तो सकाळी कोणाबरोबर न्याहारी करीत असे, दुपारचा चहा कोणाच्या खोलीत घेत असे, सणाच्या दिवशी त्याला कोणाचे बोलावणे येत असे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः परक्या मुलखात माणूस रुजतो की उपराच राहतो, याचा निर्णय व्याख्यानगृहापेक्षा जेवणाच्या मेजावर अधिक होतो. ॲलन लॉक या अमेरिकन विद्यार्थ्याची हकीकत आम्हांस याच दृष्टीने मोलाची वाटते.

लॉक यांचा जन्म १८८५ साली फिलाडेल्फिया शहरी एका सुशिक्षित कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील ते सहा वर्षांचे असतानाच वारले. शिक्षिका असलेल्या आईने त्यांना वाढविले. १९०७ साली हार्वर्ड विद्यापीठाची पदवी त्यांनी सन्मानाने मिळविली आणि त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया राज्यातून ऱ्होड्स शिष्यवृत्तीसाठी त्यांची निवड झाली. हा मान मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन होत.

ही शिष्यवृत्ती १९०२ साली निधन पावलेल्या सेसिल ऱ्होड्स यांच्या मृत्युपत्रातून निर्माण झाली. दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांच्या खाणींवर गबर झालेला हा साम्राज्यवादी पुरुष. ज्या कृष्णवर्णीय मजुरांच्या घामावर ती संपत्ती उभी राहिली, त्यांच्याविषयी त्याला विशेष कणव असल्याचे इतिहास सांगत नाही. तथापि वंश किंवा धर्ममत यांवरून कोणासही पात्र वा अपात्र ठरवू नये, असे कलम त्याच्या मृत्युपत्रात होते. ते लिहिताना इंग्रज आणि बोअर हे दोन गोरे समाजच त्याच्या डोळ्यांसमोर असावेत, असे अभ्यासक मानतात. शब्द मात्र लिहिणाऱ्याच्या मनाहून मोठे निघाले. दक्षिणेकडील राज्यांतून आलेल्या गोऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांनी लॉक यांच्या निवडीविरुद्ध तक्रार केली. परंतु विश्वस्तांनी निवड कायम ठेवली.

शिष्यवृत्ती मिळाली तरी ऑक्सफर्डमध्ये प्रवेश द्यावयाचा तो एखाद्या कॉलेजाने. अनेक कॉलेजांनी नकार दिल्यावर अखेर हर्टफर्ड कॉलेजाने त्यांना घेतले. दारे मिटून ठेवण्याची ऑक्सफर्डची सवय तशी जुनीच. अँग्लिकन धर्ममताला संमती दिल्यावाचून तेथे १८५४ पर्यंत साधी पदवीही मिळत नसे, आणि उरलेली बहुतेक धार्मिक बंधने १८७१ साली उठली. आम्हां कॅथोलिकांच्या बाबतीत तर आपल्याच धर्माधिकाऱ्यांचा मज्जाव होता. तेथे शिकण्याची मुभा रोमने १८९५ साली दिली. नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली तेथे कायद्याची परीक्षा दिली, पण स्त्रियांना पदवी देण्याचा नियम व्हावयास १९२० साल उजाडावे लागले. आत घेणे वेगळे आणि आपले म्हणणे वेगळे, हे त्या विद्यानगरीने अनेकांना शिकविले.

अमेरिकेहून आलेल्या विद्यार्थ्याला तेथील दिनक्रम नवलाचाच वाटे. त्याला एक बसावयाची आणि एक निजावयाची खोली मिळे. शेगडीत कोळसा पेटवावयाचा, न्हाण्यासाठी पाणी खोलीत आणवावयाचे. घरे नळीतल्या वाफेने ऊबदार ठेवणाऱ्या देशातून आलेल्यांना ती ओलसर थंडी हाडांपर्यंत जाणवे. प्रत्येक जिन्यासाठी ‘स्काउट’ नावाचा सेवक असे. तो उठवी, विस्तव पेटवी, न्याहारी मांडी. न्याहारीस मित्रांना बोलाविणे हा तेथील मोठाच शिष्टाचार. सकाळी व्याख्याने, दुपारी नदीवर नौकानयन किंवा मैदानावर खेळ, चारच्या सुमारास भाजलेल्या पावाबरोबर चहा. आठवड्यातून एकदा आपला निबंध घेऊन शिक्षकासमोर बसावयाचे आणि तो वाचून दाखवावयाचा. शिक्षक ऐकून घेई, एखादा प्रश्न विचारी, आणि विद्यार्थ्याला आपल्या विचारातील फट आपोआप दिसू लागे. हार्वर्डसारख्या ठिकाणी वरचेवर परीक्षा होत. येथे खरी कसोटी शेवटी एकदाच.

संध्याकाळी काळा झगा पांघरून कॉलेजच्या भोजनगृहात जावयाचे. लॅटिन प्रार्थना झाली की लांबलचक मेजांवर जेवण सुरू होई. रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी क्राइस्ट चर्चची ‘टॉम’ नावाची घंटा १०१ टोले देई. त्यानंतर बाहेरून येणाऱ्यास दंड. आठ-आठ आठवड्यांची तीन सत्रे आणि मध्ये लांब सुट्ट्या. शिष्यवृत्ती वर्षाला ३०० पौंडांची होती, पण सुट्टीतील मुक्कामाचा खर्चही त्यातूनच करावा लागे. गावातील शिंपी आणि दुकानदार विद्यार्थ्यांना खुशाल उधार देत. लॉक नीटनेटक्या पोशाखाचे शौकीन. त्यांच्यावरही कर्ज चढले. आईला मात्र ते नेमाने पत्रे लिहीत.

या दिनक्रमात लॉक सहज रुळू शकले असते. इंग्रज विद्यार्थ्यांपैकी कित्येक त्यांच्याशी सौजन्याने वागत. दुखावले ते त्यांच्याच देशबांधवांनी. अमेरिकन लोक नोव्हेंबरच्या अखेरीस ‘थँक्सगिव्हिंग’ हा सण पाळतात. वर्षभराच्या कृपेबद्दल देवाचे आभार मानून सर्वांनी एकत्र जेवावयाचे, हा त्याचा गाभा. १९०७ साली ऑक्सफर्डमधील अमेरिकन मंडळींनी हे भोजन योजिले. दक्षिणी विद्यार्थ्यांच्या आग्रहापोटी लॉक यांना त्यातून वगळण्यात आले. घरापासून इतक्या दूर, आभाराच्याच जेवणात हा पंक्तिभेद! मराठी वाचकाला या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तो आपल्याच घरचा शब्द आहे.

त्या पंगतीवर एका गोऱ्या अमेरिकनानेही पाठ फिरविली. होरेस कॅलन हे ज्यू घरातील तरुण हार्वर्डमध्ये लॉक यांना शिकविण्यास साहाय्यक होते आणि त्या वर्षी ऑक्सफर्डला आले होते. लॉक यांना जेथे जागा नाही तेथे आपण जाणार नाही, असे त्यांनी ठरविले. वेगळेपण राखूनही माणसांनी एकत्र नांदावे, हा विचार या दोघांच्या संभाषणांतून आकार घेऊ लागला. पुढे १९२४ साली कॅलन यांनी त्याला ‘सांस्कृतिक बहुलता’ असे नाव देऊन ग्रंथात मांडले. एका नाकारलेल्या जेवणातून असे बीज पडले.

लॉक यांनीही रडत बसण्याचे नाकारले. ऑक्सफर्डच्या ‘कॉस्मोपॉलिटन क्लब’च्या उभारणीत त्यांनी पुढाकार घेतला. तेथे भारत, इजिप्त, दक्षिण आफ्रिका अशा देशांतील विद्यार्थी एकत्र जमत, निबंध वाचीत, वाद घालीत. त्यांतलेच एक पिक्सली का इसाका सेमे. पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून ओळखल्या गेलेल्या संघटनेच्या संस्थापकांत १९१२ साली त्यांचे नाव झळकले. साम्राज्याने शिकावयास बोलाविलेली मुले साम्राज्याविषयीच प्रश्न विचारू लागली होती.

१९१० साली लॉक पदवीवाचूनच ऑक्सफर्ड सोडून गेले. जगाच्या हिशेबी हे अपयश. परंतु १९१२ पासून ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवू लागले. १९१८ साली हार्वर्डने त्यांना डॉक्टरेट दिली, आणि १९२५ साली त्यांनी संपादित केलेला ‘द न्यू निग्रो’ हा संग्रह कृष्णवर्णीयांच्या साहित्य-कलांच्या नवजागृतीचा पायाभूत ग्रंथ ठरला. १९५४ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर पुढचे कृष्णवर्णीय अमेरिकन ऱ्होड्स विद्यार्थी ऑक्सफर्डला पोहोचले ते १९६३ साली. मृत्युपत्रातील कलम तेच होते. मधली अर्धशतकाहून अधिक वर्षे माणसांनी घालविली.

आज आपल्या धर्मग्रामांतील मुलेमुलीही शिक्षणासाठी देशोदेशी जातात. घरून फोन जातो तेव्हा आपण परीक्षेची चौकशी करतो, थंडीची करतो, पैशांची करतो. कोणाबरोबर जेवतोस, हेही एकदा विचारावे. आणि आपल्या गावात शिकावयास आलेला परप्रांतीचा मुलगा नाताळच्या दिवशी कोठे जेवला, याची चौकशी तर आपल्याला फोनवाचूनही करता येण्यासारखी आहे.