लायसनची गोष्ट : साहेबाच्या मोटारीपासून आपल्या स्कुटीपर्यंत

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हा तर पुरुषांचा विषय. गाडी चालवायच्या लायसनशी आपला काय संबंध? पण जरा आपल्याच गटातल्या गाड्यांची आरसी बुकं काढून बघू या. गटाच्या कर्जातून घेतलेली स्कुटी कुणाच्या नावावर आहे? दूध घालायला घेतलेला छोटा टेम्पो कुणाच्या नावावर आहे? पुष्कळ घरांत कर्ज बाईच्या नावावर निघतं, म्हणून गाडीही बाईच्या नावावर होते. चालवतो मात्र मुलगा, दीर, नाहीतर भाचा. ज्याच्या नावावर गाडी, त्याला कायदा मालक म्हणतो. म्हणून विनालायसन गाडी चालवली तर काय होतं, हे आपल्याला ठाऊक असायलाच हवं.

हा कायदा एका दिवसात झालेला नाही. सव्वाशे वर्षांत तो थोडा थोडा बदलत आपल्या दारापर्यंत आला. तो कसा आला ते कळलं, की आजचा नियम का आहे तेही कळतं आणि लक्षातही राहतं. म्हणून आम्ही गोष्ट सुरुवातीपासून सांगतो.

साहेबाची मोटार

मोटार जन्माला आली जर्मनीत. ती बनवणारा कार्ल बेन्झ. गाडीच्या आवाजाला आणि वासाला लोक वैतागले, म्हणून १८८८ साली त्याला ती रस्त्यावर आणायला तिथल्या सरकारकडून लेखी परवानगी घ्यावी लागली. जगातलं पहिलं लायसन म्हणतात ते हेच. त्याच वर्षी त्याची बायको बर्था दोन मुलांना सोबत घेऊन, नवऱ्याला न सांगता, तीच गाडी घेऊन माहेरी निघाली. सुमारे शंभर किलोमीटरची वाट. वाटेत इंधन संपलं तर तिने औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईने केला, ही गोष्ट आपल्या मुलींना सांगण्यासारखी आहे.

इंग्लंडमध्ये १९०३ साली कायदा झाला आणि मोटार चालवायला लायसन लागू लागलं. पाच शिलिंग भरले की ते मिळायचं, परीक्षा नव्हती. गाडी चालवता येते की नाही हे तपासण्याची सक्ती तिथे व्हायला १९३५ साल उजाडलं. आपल्याकडे मुंबई इलाख्याने १९०४ मध्ये मोटारींसाठी कायदा केला आणि १९१४ मध्ये सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एकच मोटार कायदा आला. त्यात दोन गोष्टी होत्या, त्या आजही आहेत. सार्वजनिक रस्त्यावर लायसनशिवाय मोटार चालवायची नाही, आणि अठरा वर्षांखालच्याने चालवायची नाही.

तेव्हा मोटारी होत्या संस्थानिकांच्या, साहेबांच्या आणि मोठ्या शेठजींच्या. गावात मोटार आली तर पोरं मागे धावायची. त्यामुळे कायद्याचं लक्ष होतं ते चालवणाऱ्यावर आणि त्याच्या दंडावर. मोटारीखाली जो सापडला, त्याच्या घरी मागे राहिलेल्या बाईचं काय, याचं उत्तर त्या कायद्यात नव्हतं.

मागे राहिलेल्या बाईचा प्रश्न

तिच्यासाठी १८५५ सालचा एक जुना कायदा होता. कुणाच्या चुकीने घरातला माणूस गेला, तर त्याची बायको, मुलं आणि आईबाप नुकसानभरपाई मागू शकत होते. पण त्यासाठी दिवाणी कोर्टात दावा लावायचा, स्टॅम्पाचे पैसे भरायचे, वर्षानुवर्षं तारखा करायच्या. एवढं करून निकाल लागला आणि समोरच्याकडे द्यायला पैसाच नसला, तर हातात उरायचा फक्त कागद.

मग १९३९ साली नवा मोटार वाहन कायदा आला. त्याने मालकालाही धरलं. लायसन नसलेल्याला आपली गाडी चालवू देणं हा मालकाचा गुन्हा ठरला. दुसरी मोठी गोष्ट विम्याची. १ जुलै १९४६ पासून प्रत्येक गाडीचा विमा सक्तीचा झाला. कल्पना साधी होती. गाडीवाला गरीब असो की श्रीमंत, ज्याचा माणूस गेला त्याला विमा कंपनीकडून पैसे मिळावेत. पुढे १९५६ च्या दुरुस्तीने अशा दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणं काढण्याची सोय झाली, म्हणजे दिवाणी कोर्टाचा लांबचा रस्ता टळला.

पण त्याच कायद्यात विमा कंपनीसाठी एक दार उघडं ठेवलेलं होतं. गाडी चालवणाऱ्याकडे लायसन नसेल, तर कंपनी कोर्टात म्हणू शकत होती, पॉलिसीची अट मोडली, आम्ही पैसे देणार नाही. इथे लायसनचा अर्थ बदलला. तोवर ते चालवणाऱ्याच्या खिशातला कागद होतं. आता त्यावर दोन घरांचं भवितव्य ठरू लागलं. एक घर ज्याचा माणूस गेला त्याचं, आणि दुसरं ज्याची गाडी होती त्याचं.

कोर्टांनी दार कसं अरुंद केलं

हा तिढा सुप्रीम कोर्टापुढे अनेकदा गेला. १९८७ चा निकाल गुजरातमधल्या एका ट्रकचा आहे. ट्रकचा ड्रायव्हर लायसनवाला होता. तो इंजिन चालू ठेवूनच खाली उतरला आणि ट्रक क्लीनरच्या ताब्यात राहिला. क्लीनरकडे लायसन नव्हतं. त्याने ट्रक हाकला आणि अपघातात एक माणूस गेला. कंपनीने हात वर केले. कोर्ट म्हणालं, मालकाने लायसनवाला ड्रायव्हर ठेवला होता, त्याने स्वतः अट मोडलेली नाही. तेव्हा कंपनीने पैसे द्यायचे.

पुढे १९८८ चा नवा कायदा आला. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि आजही तोच आहे. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात आपल्या फार उपयोगाची सोय झाली. अपघात कुठेही होवो, आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणात दावा लावता येतो. ऊसतोडीला किंवा कामाला परमुलखात गेलेला माणूस तिकडेच अपघातात गेला, तर घरच्यांना तिकडे हेलपाटे घालावे लागत नाहीत.

मग २००४ साली सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी लायसनबद्दल सविस्तर निकाल दिला. त्याचं सार असं. लायसन नव्हतं एवढं सांगून कंपनीला सुटता येणार नाही. मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे गाडी विनालायसन माणसाच्या हाती दिली, हे कंपनीनेच सिद्ध करायचं. आणि ते सिद्ध झालं, तरी कोर्ट कंपनीला सांगू शकतं की आधी पीडित घराला पैसे दे, मग ते मालकाकडून वसूल कर.

मैत्रिणींनो, हे शेवटचं वाक्य नीट ऐका. ‘मालकाकडून वसूल कर.’ ही वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होऊ शकते. म्हणजे सरकारी सारा थकला तर जिल्हाधिकारी आणि तहसीलदार जे करतात, ते इथेही होतं. जप्ती येते. भरपाईचे आकडे कित्येक लाखांत असतात. भाच्याने चौकापर्यंत नेतो म्हणून गाडी काढली, वाटेत कुणी दगावलं आणि गाडी आपल्या नावावर असली, तर नोटीस आपल्या नावाने येते. त्या वेळी घर आणि जमीन पणाला लागते.

२०१९ नंतरचे नियम

२०१९ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबरपासून दंड वाढले. आपल्या राज्यात वाढीव दंड डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. विनालायसन चालवण्याचा दंड पूर्वी ५०० रुपयांपर्यंत होता, तो ५,००० झाला. तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. आणि विनालायसन माणसाला गाडी देणाऱ्या मालकालाही वेगळा ५,००० दंड आणि तेवढीच कैद. म्हणजे गाडी एक, पण गुन्हे दोन.

सगळ्यात कडक नियम अल्पवयीन मुलांबाबत आहे. अठराच्या आतल्या मुलाने गाडी चालवून मोटार कायद्याखालचा गुन्हा केला, तर दोषी पालक किंवा गाडीचा मालक. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. मला माहीतच नव्हतं, किंवा मी थांबवायचा प्रयत्न केला होता, हे पालकालाच सिद्ध करावं लागतं. पोलीस भरतीची किंवा एसटीत नोकरीची स्वप्नं बघणाऱ्या मुलासाठी पंचविशीपर्यंत लायसन नसणं केवढं महागात पडेल, याचा विचार करा.

सोळाव्या वर्षी लायसन मिळतं, हे खरं. पण ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. आपल्याकडच्या स्कुट्या शंभर सीसीच्या वरच्या असतात. त्यांना अठरा पूर्णच हवीत.

लायसनची मुदत संपली तर? पूर्वी मुदतीनंतर तीस दिवसांची सवलत होती, ती २०१९ मध्ये गेली. मुदत संपायच्या आधी एक वर्षापासून नूतनीकरण करता येतं. मुदत संपून एक वर्ष उलटलं, की पुन्हा परीक्षा.

आपलाच माणूस गेला तर

आता दुसरी बाजू. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकासाठी वैयक्तिक अपघात विमा असतो. २०१८ पासून त्याची रक्कम १५ लाख रुपये झाली. पण त्याला अट आहे. गाडी चालवणारा मालक लायसनवाला हवा. घरधनी स्वतःच्या गाडीवर गेला आणि त्याच्याकडे चालू लायसन नसलं, तर त्याच्या बायकोला या १५ लाखांवर पाणी सोडावं लागतं. लायसन काढायला कंटाळा करणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला हा आकडा एकदा ऐकवाच.

पण दुसऱ्याच्या गाडीने आपल्या माणसाला उडवलं असेल, तर घाबरून गप्प बसायचं नाही. ‘तुमच्याच माणसाकडे लायसन नव्हतं, तुम्हाला काही मिळणार नाही,’ असं म्हणून बायकांना परत पाठवलं जातं. २००८ साली सुप्रीम कोर्टाने अशाच एका प्रकरणात सांगितलं आहे. दुचाकीवरचा मुलगा विनालायसन होता. कोर्ट म्हणालं, लायसन नव्हतं एवढ्यावरून अपघातात त्याची चूक होती असं ठरत नाही. त्याचा दंड वेगळा, भरपाईचा हक्क वेगळा.

एप्रिल २०२२ पासून कायद्यात दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. तेरावं झालं, की आधी एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल यांच्या प्रती मिळवा. वकिलाचे पैसे नसले तरी अडत नाही. उत्पन्न कितीही असो, प्रत्येक बाईला मोफत विधी सेवेचा हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, आणि १५१०० या नंबरवर फोन करता येतो.

टेम्पो, ट्रॅक्टर आणि आपलं स्वतःचं लायसन

ज्यांच्या गटाने मालवाहू टेम्पो घेतलाय, त्यांच्यासाठी एक दिलासा. हलक्या वाहनाच्या लायसनवर भाड्याचा टेम्पो किंवा रिक्षा चालवली, म्हणून विमा कंपन्या पैसे नाकारायच्या. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं, की साडेसात हजार किलोपर्यंतच्या वाहनाला हलक्या वाहनाचं लायसन पुरतं. ट्रॅक्टरलाही लायसन लागतंच. शेतातलं वाहन आहे, असं म्हणून डांबरी रस्त्यावर सुटका होत नाही.

आणि शेवटी आपली गोष्ट. व्यवसायाची गाडी चालवायला आठवी पास असण्याची अट होती. शाळा अर्धवट सुटलेल्या कितीतरी जणी त्या अटीपाशीच अडल्या होत्या. २०१९ मध्ये ती अट काढून टाकली. आता शिकाऊ लायसनची परीक्षा आधार कार्डाच्या आधारे ऑनलाइन देता येते. ते सहा महिने चालतं. तीस दिवसांनी पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. शिकताना गाडीला ‘एल’ लावायचा आणि सोबत लायसनवाला माणूस हवा.

आमचं म्हणणं एवढंच, की पुढच्या बैठकीला हप्त्याच्या वहीसोबत प्रत्येकीने घरातल्या गाडीचं आरसी बुक, विम्याचा कागद आणि चालवणाऱ्याचं लायसन आणावं. तिन्ही कागदांवरचं नाव आणि तारीख एकमेकींना मोठ्याने वाचून दाखवावी. ज्या गाडीचा एक कागद कमी असेल, तिची किल्ली तो कागद होईपर्यंत आपल्या पदराला बांधून ठेवावी. घरात दोन दिवस कुरकुर होईल, होऊ द्या. किल्ली मागायला येणाऱ्याला आधी लायसन दाखव म्हणायचा हक्क कायद्याने आपल्याला दिलेला आहे.