किशोरवयीनांमधील मानसिक आणीबाणी (ठाणे, कल्याण-डोंबिवली)

किशोरवयीन मुलाच्या किंवा मुलीच्या जिवाला तातडीचा धोका निर्माण करणारी मानसिक अवस्था. आत्महत्येचा विचार वा प्रयत्न, स्वतःला इजा करून घेणे, भास-भ्रम आणि अनावर उद्रेक हे तिचे प्रमुख प्रकार. सुमारे निम्मे मानसिक आजार वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, पण घरात त्यांना बहुधा आळस किंवा ‘मोबाइलचं वेड’ म्हटले जाते.

झोप उडणे, क्लास बुडवणे, मित्र तोडणे, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकणे, ‘मी नसले की सुटाल’ असे बोलणे ही धोक्याची लक्षणे होत. डोंबिवली-कल्याणच्या कित्येक घरांत आईवडील सकाळच्या लोकलने मुंबई गाठतात ते रात्रीच परततात. त्यामुळे मुलातला बदल आधी शेजारच्या काकूंना, क्लासच्या सरांना किंवा जिवलग मित्राला दिसतो. मित्राने ‘कुणाला सांगू नकोस’ हे वचन मोडून मोठ्यांना सांगणे, ही चहाडी मुळीच नव्हे.

अशा वेळी मुलाला एकटे सोडू नये. घरातली औषधे व इजा करता येईल अशा वस्तू कुलपात ठेवाव्यात. ‘तुझ्या मनात जगणं संपवायचे विचार येतात का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. उलट कोंडलेले मूल बोलू लागते. उत्तर ऐकताना उपदेश, शपथा आणि ‘आमचं काय चुकलं?’ हे तिन्ही टाळावे. प्रयत्न झालाच असेल, तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांना खरे काय ते सांगावे. पोलिसांच्या भीतीने ‘चुकून झालं’ म्हणणारी कुटुंबे उपचारांचा मोलाचा वेळ गमावतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.

ठाण्यातील प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. त्याच्या नावाचा धाक अजून ओसरलेला नाही, ही खेदाची गोष्ट. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ या संस्थेने समुपदेशनाला जाणे मध्यमवर्गीय घरांत रुळवले. तिच्या ‘वेध’ परिषदांनी मुलांपुढे गुणांपलीकडच्या वाटा मांडल्या. सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा (१४४१६) ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालते; अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.

दाखल करावे लागल्यास अठरा वर्षांखालील मुलांची सोय प्रौढांपासून वेगळी असावी आणि पालक वा नामनिर्देशित प्रतिनिधी सोबत राहावा, असे २०१७ चा हाच कायदा सांगतो. मुलीसोबत स्त्री असणे आवश्यक आहे.

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात, आणि नेमके तेव्हाच नातेवाईक ‘आता बरा दिसतोय’ म्हणून निर्धास्त होतात. औषधे मनाने बंद करू नयेत, पुढची भेट आधीच ठरवून घ्यावी. शाळेत एका विश्वासू शिक्षकाला मुलाच्या संमतीने कल्पना द्यावी. वर्गात चर्चा होऊ देऊ नये. दहावी-बारावीच्या वर्षी निकालाचा दिवसही याच काळजीत धरावा: त्या दिवशी घरातल्या एकाने रजा काढून मुलाजवळ थांबावे, आणि पुरवणी परीक्षेची सोय आहे हे निकाल लागण्याआधीच त्याला सांगून ठेवावे.