मुखत्यारी (वृद्ध नातेवाइकाची) आणि तिचा मोबदला

वयामुळे ज्याला स्वतःचे व्यवहार झेपत नाहीत अशा नातेवाइकाची शेती, पैसाअडका आणि कागदपत्रे सांभाळणे, तसेच त्या कामाबद्दल मिळणारा मेहनताना. बारामती व इंदापूर तालुक्यांत या कामाला ‘कारभार बघणे’ म्हणतात. मोबदल्याला मात्र वेगळे नाव नाही. तो घेतला जातो, पण पगार म्हणून कोणी घेत नाही.

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात हा कारभार मुख्यतः उसाचा. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचे सभासदत्व चुलत्याच्या नावावर आणि ऊस पुतण्याच्या हातचा, असे घर जवळपास प्रत्येक गावात सापडते. लागणीची नोंद करणे, पाण्याचा अर्ज भरणे, तोडणी टोळीच्या मागे लागणे, विकास सोसायटीचे पीककर्ज मार्चअखेर भरून पुन्हा उचलणे, ई-पीक पाहणी करणे ही सगळी कामे पुतण्याची. बिल मात्र चुलत्याच्या बँक खात्यावर जमा होते. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ते ऊस कारखान्यात पोहोचल्यापासून 14 दिवसांत मिळायला हवे. राबणारा एक आणि खातेदार दुसरा, या फटीतच मोबदल्याचा प्रश्न उभा राहतो.

पेन्शनदाराच्या बाबतीत नोव्हेंबरमध्ये ह्यातीच्या दाखल्याचे काम वाढते. आयुष्यभर खुरपे धरलेल्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्रावर अंगठा उठत नाही. बोट धुऊन, पुसून, जरा तेल लावून चार-पाच वेळा दाबून पाहायचे; नाहीच उठले तर म्हाताऱ्या माणसाला पुन्हा मोटारसायकलवर बसवून दुसऱ्या दिवशी यायचे. या दोन खेपांचा रोजगार बुडाला, तो कोणत्याही वहीत लिहिला जात नाही.

मोबदला प्रत्यक्षात तीन-चार वाटांनी येतो. जमीन निम्म्याने किंवा खंडाने करायला घेतली तर हिशेब निदान बोलला जातो. सभासदाला सवलतीत मिळणारी साखर पुतण्याच्या घरी उतरते. मुलाच्या फीसाठी घेतलेली ‘उचल’ परत मागितली जात नाही. आणि सर्वांत मोठा मोबदला म्हणजे ‘सांभाळेल त्याला रान’ हा तोंडी शब्द, जो खरा ठरतो की नाही हे सांभाळून झाल्यावरच कळते.

जुनी व्यवस्था याबाबतीत अधिक रोखठोक होती. मराठा राज्यात वतनदाराचे काम मुतालिक पाहत असे व त्याचा हक्क ठरलेला असे. वतनाची चाकरी गुमास्त्याकडून करून घेण्याची सोय 1874 च्या मुंबई वतन कायद्यातही होती. नात्यातल्या कारभाऱ्याचे गाजलेले उदाहरण याच भागातले आहे. शहाजीराजांचे मेहुणे संभाजी मोहिते सुप्याचा कारभार पाहत. हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे. शिमग्याचे पोस्त मागण्याच्या निमित्ताने शिवाजी महाराज या सावत्र मामांकडे गेले आणि त्यांना कैद करून ठाणे ताब्यात घेतले, असे सभासद बखर सांगते. शहाजीराजे तेव्हा वृद्ध नव्हते, फक्त दूर होते. कारभाऱ्याच्या दृष्टीने दोन्हींत फारसे अंतर नाही.

आजचा कायदा मोबदल्याच्या आड येत नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार मुखत्यार फुकट काम करू शकतो किंवा ठरवून पैसे घेऊ शकतो. कायदेशीर कामासाठी पदरचा खर्च झाला असेल तर तो त्याला मिळतो. मागितल्यावर हिशेब देणे मात्र त्याला बंधनकारक आहे, आणि गैरकारभार केलेल्या कामाचा मोबदला त्याला मागता येत नाही. एकत्र कुटुंबाच्या कर्त्याला सहसा मागचा हिशेब विचारता येत नाही. गावातले अनेक पुतणे स्वतःला असाच कर्ता समजतात, पण चुलत्याच्या स्वतंत्र मिळकतीपुरते ते फक्त मुखत्यार असतात. पुण्यात दिलेल्या चुलतबहिणी वही मागतात तेव्हा हा फरक उघडा पडतो. इंग्लंडमध्ये नात्यातल्या मुखत्याराला मेहनताना हवा असेल तर मुखत्यारपत्रातच तशी तरतूद लागते. आपल्याकडे तसे लिहिण्याची सक्ती नाही, आणि संकोचापायी कोणी लिहीतही नाही.

मुद्रांकाच्या बाबतीतही मोबदल्यामुळे फरक पडतो. जमीन विकण्याचा अधिकार जवळच्या नातेवाइकाला विनामोबदला दिला तर महाराष्ट्रात ठरावीक रकमेचा मुद्रांक पुरतो. तोच अधिकार मोबदला घेऊन दिला तर खरेदीखताइतके शुल्क पडते. मृत्युपत्रात सगळे सांभाळणाऱ्याच्या नावे लिहिले आणि ते करून घेण्यातही त्याचाच पुढाकार असला, तर शंका दूर करण्याचे ओझे त्याच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्येच हे स्पष्ट केले आहे.

खरी अडचण स्मृतिभ्रंशाची. मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मानसिक भान हरपले की, म्हणजे नेमकी गरज लागते तेव्हाच, ते संपते. मनोरुग्णाच्या मिळकतीसाठी व्यवस्थापक नेमण्याची 1987 च्या कायद्यातली सोय 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात राहिली नाही. त्यामुळे उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने 2020 मध्ये बेशुद्धावस्थेतल्या पतीसाठी पत्नीला अशा याचिकेवरच पालक नेमले. दीड एकर रानासाठी मुंबईपर्यंत कोण जाणार? मग जुन्या मुखत्यारपत्रावरच काम रेटले जाते आणि बँकेतला माणूस ओळखीचा असेल तोवर ते चालते.

निपुत्रिक ज्येष्ठाची मिळकत ज्याच्या ताब्यात आहे किंवा वारशाने येणार आहे, त्या नातेवाइकावर 2007 च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्याने निर्वाहाची जबाबदारीच टाकली आहे; दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह देण्याचा आदेश होऊ शकतो. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र करून दिले आणि अट मोडली, तर ते रद्द करून घेता येते. या अर्जांची सुनावणी प्रांताधिकाऱ्यांपुढे होते. तिथे चुलता आणि पुतण्या एकाच बाकावर बसलेले असतात, कारण परतीला गाडी एकच असते.