वाहनचालकाचे अनवधान आणि इतिहासाचा पुरावा : रेवदंडा मार्गाच्या निमित्ताने

इ. स. १५०८च्या मार्च महिन्यात कुंडलिकेच्या मुखाशी, आजच्या रेवदंड्यासमोर, पोर्तुगीज आरमार नांगर टाकून होते. क्षितिजावर गलबते दिसली. परंतु ती आपल्याच आल्बुकेर्कची असावीत असे गृहीत धरले गेले. वस्तुतः ते अमीर हुसेनाचे इजिप्ती आरमार होते. पुढील लढाईत सेनापती लोरेन्सु द आल्मेइदा मारला गेला. डोळ्यांनी पाहिले पण मनाने ओळखले नाही, असा हा प्रसंग पोर्तुगीज इतिहासकारांनी तपशिलाने नोंदविला, कारण त्यात प्रत्यक्ष विजरईचा पुत्र पडला होता. सामान्य माणसाच्या अनवधानास असा बखरकार लाभत नाही. ज्या घटनेचे कारण केवळ क्षणभर ढळलेले लक्ष हे आहे, तिचा पुरावा अभ्यासकाने कोठे शोधावा, हा प्रश्न त्याच रेवदंड्यातून आज जाणाऱ्या मोटाररस्त्यासंबंधीही उपस्थित होतो.

अलिबागहून आक्षी, नागाव, चौल असा येणारा हा रस्ता मूळचा मोटारींसाठी नव्हे. दोन्ही बाजूंस नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांचे दगडी गडगे, आणि गडग्यांमधून एकाएकी रस्त्यावर उतरणाऱ्या पाखाड्या अशी त्याची रचना आहे. रेवदंड्यास तो पोर्तुगीज कोटाच्या भग्न तटातून गावात शिरतो आणि पुढे साळावच्या पुलावरून मुरुड-जंजिऱ्याकडे वळतो. पूल होण्यापूर्वी खाडीवर तर होती. तरीची वाट पाहताना गाडीवानास थांबावेच लागे. आता पर्यटकांच्या मोटारी आणि साळावच्या पोलाद कारखान्याची अवजड वाहने ह्यांचा ओघ त्याच अरुंद वाटेवर आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार २ सेकंदांत सुमारे ३३ मीटर पुढे जाते. तेवढ्या अंतरात ह्या रस्त्यावर एखादी पाखाडी सहज येऊन जाते.

कायद्याने चालकाच्या लक्षाचा विचार फार पूर्वीपासून केलेला आहे, परंतु आडवळणाने. १८६०च्या भारतीय दंडसंहितेतील कलम २७९ हे बैलगाडी आणि घोडागाडीच्या काळातील; त्यात सार्वजनिक रस्त्यावर अविचाराने किंवा हयगयीने वाहन हाकणे हा अपराध ठरविला गेला. १९३९च्या आणि पुढे १९८८च्या मोटार वाहन अधिनियमांनी ‘वेग’ आणि ‘रीत’ असे दोन शब्द योजले. ह्या सर्वांचा रोख चालकाच्या कृतीवर आहे, चित्तावर नाही. महाराष्ट्रातील फिर्यादींत ‘भरधाव वेगाने, हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’ ही शब्दावली इतकी रूढ झाली आहे की, ती वाचून प्रत्यक्ष काय घडले ह्याचा बोध होत नाही. जुन्या सनदांतील ठरीव मायन्यासारखीच ती अभ्यासकाने सावधपणे वाचावयास हवी.

दूरध्वनीचा प्रश्न मानसशास्त्रज्ञांनी त्याच्या प्रसाराच्या कितीतरी आधी हाती घेतला होता. १९६९ साली ब्राउन, टिकनर व सिमंड्स ह्या इंग्लंडमधील संशोधकांनी चालकांस दूरध्वनीवर बोलत असता निरनिराळ्या रुंदीच्या फटींतून मोटार न्यावयास सांगितले. सुकाणू हाताळण्याचे कौशल्य फारसे बिघडले नाही. फटीतून मोटार जाईल की नाही ह्याचा अदमास मात्र बिघडला. हात ठीक होते, निर्णय चुकत होता. रेवदंड्याच्या तटातून जाणाऱ्या चालकास हा निष्कर्ष वेगळा समजावून सांगण्याची गरज पडू नये. १९९७ साली टोरांटो येथील रेडेलमायर व टिब्शिरानी ह्यांनी अपघात झालेल्या ६९९ चालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संभाषणाच्या काळात टकरीचा संभव सुमारे चौपट होतो आणि यंत्र हातात न धरता बोलल्याने तो कमी होत नाही, असे त्यांस आढळले. इतिहासाच्या अभ्यासकास त्यातील निष्कर्षाइतकीच पद्धतीही लक्षणीय वाटेल. त्यांनी केवळ चालकांच्या कथनावर विसंबून न राहता दूरध्वनीच्या देयकांतील वेळा अपघातांच्या वेळांशी ताडून पाहिल्या. हिशेबाचा कागद साक्षीदाराहून अधिक बोलका ठरावा, हा अनुभव दप्तरखान्यात बसणाऱ्यांस नवा नाही.

भारतात भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली ह्यांच्यामध्ये झाले. केंद्रीय मोटार वाहन नियमांत वाहन चालविताना त्याचा वापर निषिद्ध कृत्यांत पुढे समाविष्ट झाला. मूळ अधिनियमाच्या कलम १८४मध्ये हातातील संपर्कसाधनाचा स्पष्ट उल्लेख मात्र २०१९च्या दुरुस्तीनेच आला. शासकीय अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३,३९५ मृत्यू भ्रमणध्वनीच्या वापराखाली आणि दहांपैकी सातांहून अधिक अतिवेगाखाली नोंदविलेले आहेत. हे आकडे पोलिसांच्या नोंदींवरून सिद्ध होतात. वेगाची खूण चाकांच्या घसरणीत आणि पत्र्याच्या चुराड्यात उरते. पडद्याकडे गेलेली नजर कोठेही उमटत नाही, आणि वाचलेला चालक ती क्वचितच कबूल करतो. एकाच अपघातात वेग व अनवधान दोन्ही असले, तरी रकान्यात वेगच लिहिला जातो. तेव्हा दोन टक्क्यांचा हा आकडा अनवधानाचे मोजमाप नसून त्याच्या सिद्धतेचे मोजमाप आहे, असेच म्हणणे प्राप्त आहे.

ह्यात १ ऑक्टोबर २०२०पासून आणखी एक गुंतागुंत झाली. चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने, केवळ मार्गदर्शनासाठी, हातातील साधन वापरण्यास नियमांनी मुभा दिली. नियमकर्त्यांचा हेतू व्यवहार्य असला तरी ही सवलत प्रयोगशाळेतील निष्कर्षांच्या विरुद्ध दिशेस जाते. शिवाय एकाग्रता भंगली की नाही, हे ठरवावयाचे कोणी आणि कशावरून, हे तीत सांगितलेले नाही. चौलच्या नाक्यावरून रेवदंड्यास येणारा परगावचा चालक नकाशा पाहतो तो ह्याच मुभेखाली. संभाषणाची वेळ निदान दूरसंचार कंपनीच्या दप्तरी राहते. नकाशावरील दृष्टिक्षेपाची तशी नोंद होत नाही.