प्रवरपूरची दानपत्रे आणि उपयोजकासाठी केलेले लेखन

वर्धा जिल्ह्यातील धाम नदीकाठचे पवनार म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, हे म. म. वा. वि. मिराशी यांचे मत बहुतेक अभ्यासकांनी स्वीकारले आहे. 1967 साली नागपूर विद्यापीठाने तेथे उत्खननही केले. या राजधानीतून दिलेली ताम्रपत्रे राजकीय इतिहासाची साधने म्हणून पुष्कळ अभ्यासली गेली. कोणीतरी हाताशी ठेवून वापरावयाचे लेखन म्हणून मात्र ती फारशी वाचली गेली नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये ज्याला फ्रेमवर्क म्हणतात, त्याच्या डॉक्युमेंटेशनविषयी आज जो ऊहापोह चालतो, त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न या पत्र्यांपुढेही होता. व्यवस्था सिद्ध करणारा जवळ नसताना, तिच्यावर विसंबून परक्या माणसाने आपले काम कसे उभारावे?

दुसऱ्या प्रवरसेनाचे, राज्यवर्ष 18 मधील, चम्मक येथे सापडलेले दानपत्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. आरंभी ‘दृष्टम्’, म्हणजे ‘पाहिले’, असा तपासणीचा शब्द. लगेच प्रवरपूरचा उल्लेख. पुढे भोजकट राज्यातील मधुनदीकाठचे चर्मांक गाव, राजमानाने 8000 भूमी, 1000 ब्राह्मणांस दिल्याचे नमूद आहे. येथे वाचक दोन आहेत: दान घेणारा आणि गावात येणारा अंमलदार. ‘सर्व माफ’ एवढ्यावर अंमलदार अडून बसला असता. म्हणून सैनिकांचा प्रवेश, गाई-बैल, चराई, कातडी, कोळसा, मिठाच्या खाणी, वेठ यांची माफी एकेक नाव घेऊन सांगितली आहे. हा पाल्हाळ नव्हे.

प्रस्तुत लेखकास याहून महत्त्वाचा वाटतो तो अटींचा भाग. राज्याशी द्रोह, चोरी, युद्ध, इतर गावांना उपद्रव यांपैकी काही घडल्यास दान परत घेणाऱ्या राजाला चोरीचा दोष लागणार नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. दानपत्रांत सहसा न आढळणारा हा स्पष्टपणा आहे. फ्रेमवर्कचे कर्तेही आपली रचना काय करते ते उत्साहाने लिहितात. ती कोठे थांबते हे लिहिताना त्यांचा हात आखडतो.

उणिवाही तितक्याच बोलक्या आहेत. 11 व्या वर्षाचे बेलोरा दानपत्र नंदिवर्धनाहून दिलेले आहे. त्यामुळे राजधानी 11 ते 18 या वर्षांच्या दरम्यान हलली, असा तर्क करता येतो. पण ही वर्षे कोणत्याही संवताची नाहीत; केवळ त्या राजाच्या कारकिर्दीची आहेत. आवृत्तीचा क्रमांक असावा आणि मोजणीचा आरंभबिंदू नसावा, तशी ही स्थिती. अखेर प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या, या धाग्यावरून कालनिर्णय पाचव्या शतकाशी नेऊन भिडवावा लागला.

आणि 1000 ब्राह्मणांपैकी नावे कोरली आहेत ती 49 जणांचीच. उरलेल्यांपैकी कोणी हा पत्रा अंमलदारापुढे धरला असता, तर त्यात त्याला आपले नाव दाखविता आले नसते.