वृद्धांचे जेवण : सहज उचलता येणारे घास आणि हाताला साथ देणारी भांडी

प्रतिनिधी, अहिल्यानगर

भाकरीचा तुकडा मोडणे ही क्रिया दिसायला अगदी साधी. करंगळी व अनामिकेने भाकरी ताटात दाबून धरायची, अंगठा व तर्जनीने तुकडा तोडायचा, त्यात कालवण उचलायचे आणि घास न सांडता तोंडापर्यंत न्यायचा. अर्धांगवायू, कंपवात, संधिवात किंवा स्मृतिभ्रंश यांपैकी एखादा विकार जडला की नेमकी हीच साखळी तुटते. कधी पकड जाते, कधी हात थरथरतो, तर कधी समोरचे ताटच नीट उमगत नाही. मग घरातील ज्येष्ठ व्यक्ती 'भूक नाही' म्हणू लागते, पंगतीला बसणे टाळते आणि हळूहळू तिचे वजन घटू लागते. प्रत्यक्षात भूक गेलेली नसते. अडचण हाताची असते, आणि तिच्यापेक्षाही मोठी अडचण संकोचाची असते.

अशा वेळी घरची मंडळी मायेने भरवू लागतात. भरवणे कधी कधी अपरिहार्य असते. परंतु जोवर ज्येष्ठांना स्वतःच्या हाताने जेवता येणे शक्य आहे, तोवर ते टिकवणे हिताचे असते. स्वतः घास घेणारा माणूस आपल्या गतीने जेवतो, घासाची तयारी मनाशी करतो आणि त्यामुळे ठसका लागण्याचा धोकाही कमी होतो. त्यासाठी दोन गोष्टी बदलाव्या लागतात : ताटातील पदार्थ आणि ताटाभोवतीची भांडी.

डाव्या हाताचा प्रश्न

हाताने उचलून खाण्याजोग्या पदार्थांची कल्पना पाश्चात्त्य देशांत काटे-चमचे वापरता न येणाऱ्या रुग्णांसाठी रूढ झाली. आपल्याकडे हाताने जेवणे हीच रीत असल्याने ही गोष्ट नवी नाही. मात्र आपली अडचण वेगळी आहे. उजवी बाजू लुळी पडली की डाव्या हाताने जेवावे लागते आणि आयुष्यभर डावा हात अन्नाला न लावलेल्या माणसाला ते मनातून पटत नाही. येथे कुटुंबानेच पुढाकार घ्यायला हवा. डाव्या हातात चमचा दिल्यास हा संकोच बराच कमी होतो. एकाच हाताने भाकरी मोडावी लागू नये म्हणून ती स्वयंपाकघरातच मोडून, कुस्करून वाढावी.

नगरी स्वयंपाकातील सोयीचे पदार्थ

बाजरी व ज्वारीची भाकरी हा जिल्ह्याचा रोजचा आहार. ती गरम असताना मऊ असते. गार झाली की वातड होते. त्यामुळे दात नसलेल्यांना भाकरी ताजीच द्यावी आणि घट्ट वरणात वा दुधात पूर्ण मुरवून द्यावी. वर पातळ दूध आणि खाली तुकडे अशी स्थिती राहू देऊ नये. पातळ आणि घट्ट एकाच घासात आले की गिळण्याचा त्रास असलेल्यांना ते सांभाळणे कठीण जाते. मिसळ किंवा पातळ रश्श्यातील फोडी यांबाबतही हीच काळजी घ्यावी.

हुलग्याचे शेंगोळे हा तर बोटांनी उचलण्यासाठीच घडवलेला पदार्थ वाटावा. ते लहान वळावेत, चांगले शिजवावेत आणि रश्श्यातून काढून ओलसर असतानाच वाढावेत. दुधी किंवा काकडी घातलेले थालीपीठ कडक न भाजता त्याच्या पट्ट्या कापाव्यात व सोबत घट्ट दही द्यावे. मुगाची धिरडी, वाफवलेले मेथीचे मुटके, न तळलेली कोथिंबीर वडी, तूप लावलेली इडली, उकडलेले रताळे, लाल भोपळा व गाजर यांचे लांबट काप हेही सोयीचे. अकोले तालुक्यातील घरांत मिळणारी नाचणी व वरई यांच्या मऊ वड्या थापता येतात. फळांत पिकलेले केळे, पपई व चिकू उत्तम. राहाता परिसरात पेरू आणि डाळिंब मुबलक. मात्र त्यांच्या बिया कवळीखाली अडकतात. पेरूचा गर शिजवून व गाळून, तर डाळिंबाचा गाळलेला रस द्यावा. ज्यांना पातळ पदार्थांनीच ठसका लागतो, त्यांनी रसाबाबत आधी डॉक्टरांना विचारावे.

हिवाळ्यात हुरड्याची आठवण सर्वांनाच होते. भाजलेला हुरडा दात नसलेल्यांसाठी धोक्याचा. पण तोच वाटून थालिपिठात घातला तर चवीपासून वंचित राहावे लागत नाही. शेंगदाणे, फुटाणे, चिवडा, लाह्या, चिक्की, पापड, कोरडे लाडू, अख्खी द्राक्षे आणि ओल्या खोबऱ्याचे तुकडे मात्र कटाक्षाने टाळावेत.

घास केवढा असावा?

गिळण्याच्या विकारांसाठी अन्नाचा मऊपणा ठरवणारी एक आंतरराष्ट्रीय पद्धत प्रचलित आहे. तीत अन्न व पेये शून्य ते सात अशा आठ पातळ्यांत विभागली आहेत. त्यातील 'मऊ व लहान तुकडे' या सहाव्या पातळीवर प्रौढांसाठी तुकडा दीड सेंटिमीटरपेक्षा मोठा नसावा, असे सांगितले आहे. घरी तपासणे सोपे आहे. तुकडा अंगठा व तर्जनीमध्ये धरून नखे पांढरी होईपर्यंत दाबावा. तो चिरडला गेला आणि बोटे सोडल्यावर पुन्हा पूर्वीच्या आकारात आला नाही, तर तो पुरेसा मऊ आहे. ज्यांना गिळण्याचा त्रास नाही, केवळ हाताची अडचण आहे, त्यांना बोटाएवढे लांबट काप चालतात. ते मुठीत धरणे सोपे जाते.

जेवण मऊ करताना ते निकस होणार नाही, हेही पाहावे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वृद्धांना याहून अधिक, म्हणजे एक ते १.२ ग्रॅम प्रथिने द्यावीत, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. घट्ट वरण, दही, पनीर, मऊ उकडलेले अंडे यांतून ती मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. कंपवातावरील लेवोडोपा हे औषध प्रथिनयुक्त जेवणासोबत घेतल्यास त्याचा परिणाम कमी होऊ शकतो. त्यामुळे गोळी व जेवण यांची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी.

हाताला साथ देणारी भांडी

संधिवाताने बोटे आखडली की बारीक दांड्याचा चमचा धरवत नाही. दांडा जाड केला की पकड सोपी होते. बाजारात असे चमचे मिळतातच. पण साध्या चमच्यावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ किंवा पाइपवर चढवण्याची फोमची नळी बसवूनही काम भागते. मूठ रोज काढून धुता व वाळवता आली पाहिजे. मनगट वळत नसल्यास वाकवलेल्या मानेचा चमचा, तर पकड पूर्ण गेली असल्यास तळहाताभोवती बांधायचा, चमचा खोचता येणारा पट्टा उपयोगी पडतो. कंपवातात जड चमच्याने काहींचा हात स्थिरावतो, काहींचा उलट थकतो. म्हणून आधी वापरून पाहावे. थरथर ओळखून तोल सांभाळणारे विजेरीवरील चमचेही निघाले आहेत. मात्र ते महाग असतात.

सपाट ताटातून चमच्याने भात उचलताना तो बाहेर ढकलला जातो. म्हणून उभ्या काठाची थाळी किंवा खोलगट वाडगा घ्यावा. काठाला टेकवून घास चमच्यात येतो. खाली ओले फडके किंवा रबरी जाळी अंथरल्यास ताट सरकत नाही. ताटाचा रंगही महत्त्वाचा. अल्झायमरच्या मोजक्या रुग्णांवर बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी केलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. गडद रंगाची भांडी दिल्यावर त्या रुग्णांचे खाणे सरासरी २५ टक्क्यांनी, तर पेये घेणे ८४ टक्क्यांनी वाढले होते. चकाकणाऱ्या स्टीलच्या किंवा पांढऱ्या ताटात दहीभात उठून दिसत नाही. गडद लाल वा निळ्या ताटात दिसतो.

पाणी पिण्याची पद्धत विशेष जपावी. तांब्या ओठांना न लावता वरून पाणी पिण्याची अनेकांना सवय असते. त्यासाठी मान मागे टाकावी लागते आणि गिळण्याचा त्रास असलेल्यांसाठी हेच धोक्याचे ठरते. नाकाजवळ खाच असलेला पेला मान न उचलता रिकामा करता येतो. बशीतून गरम चहा पिण्याऐवजी दोन कान असलेला, झाकणाचा मग द्यावा आणि तो अर्धाच भरावा.

बैठक आणि धोक्याच्या खुणा

जेवताना पाठ सरळ, पाय जमिनीवर टेकलेले आणि ताट कोपराच्या उंचीवर असावे. अंथरुणावर आडवे असताना भरवू नये. दूरचित्रवाणी बंद ठेवावी. जेवणानंतर किमान अर्धा तास बसवून ठेवावे आणि तोंड व कवळी स्वच्छ करावी.

जेवताना वारंवार ठसका, जेवणानंतर घशात पाणी अडकल्यासारखा ओला आवाज, गालात अन्न साठणे, वजन घटणे किंवा पुन्हा पुन्हा ताप व छातीत कफ ही लक्षणे दिसल्यास विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. काहींच्या श्वासनलिकेत अन्न जाऊनही ठसका लागत नाही, हे लक्षात ठेवावे. घास अडकून बोलणे वा खोकणे बंद झाल्यास पुढे वाकवून पाठीवर खांद्यांच्या मध्ये पाच जोरदार थापा माराव्यात. उपयोग न झाल्यास मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत व वर दाब द्यावा, हे आलटून पालटून करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मदत कोठे मिळेल?

गिळण्याची तपासणी वाचा-उपचार तज्ज्ञ करतात, तर भांड्यांची निवड व हाताचा सराव व्यवसायोपचार तज्ज्ञ सुचवतात. जिल्हा रुग्णालयात, विळद घाटातील विखे पाटील फाउंडेशनच्या किंवा लोणीच्या प्रवरा संस्थेच्या रुग्णालयात याबाबत चौकशी करता येईल. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना १ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली. गरजू ज्येष्ठांना काठी, श्रवणयंत्र, चष्मा यांबरोबरच कृत्रिम दातांची कवळी देण्याची तरतूद तीत आहे. चावणे सुधारले की आहारही सुधारतो, म्हणून तिची माहिती अवश्य घ्यावी. राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना सहाय्यक साधनांसाठी एकवेळ तीन हजार रुपये देण्याचा निर्णय घेतला. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर आहे.

मात्र बहुतेक घरांना सुरुवात करण्यासाठी कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही. एक रबरी मूठ, उभ्या काठाची थाळी, ओले फडके आणि मऊ शिजवलेले चार घास एवढ्यावर पहिला दिवस निभावतो. वेगळे ताट वाढले म्हणून वेगळ्या खोलीत बसवू नये. आई-वडिलांचे ताट सर्वांबरोबर मांडावे, सांडलेले मुकाट्याने पुसावे आणि जेवायला अर्धा तास अधिक लागला तरी तो द्यावा.